तोंड

चौतीस वर्षं लेथवर काढली, पलूसच्या एमआयडीसीत.
केसाएवढं चुकलं तरी पीस स्क्रॅपमध्ये,
आणि माझे फारसे गेले नाहीत स्क्रॅपमध्ये,
हे निरोपाच्या दिवशी कुरणे सुपरवायझर माइकवर बोलले होते.
म्हणून वाटलं, लाकूड ते काय.

कालव्याच्या रस्त्याला रुंदीकरणात एक बाभूळ पडली.
ओंडका आणला स्कूटरवर, पायांच्या मध्ये उभा करून.
आतून तांबूस, ओला, करवतीला चिकटणारा.
पातं केलं ट्रकच्या कमानपाट्याचं.
ते माझ्या ओळखीचं काम:
लाल केलं, तेलात विझवलं,
कुरुंदाच्या दगडावर घासत राहिलो
मनगटावरचे केस उतरेपर्यंत.
पात्याची बैठक पंचेचाळीस अंश, चोख, मोजून.
तोंड मात्र पटाशीनं कोरलं
एका दुपारी, जेवायचं विसरून.
पातं बाहेर येईना म्हणून जरा,
आणि जरा,
आणि मग जरा.

रंधा झाला त्या दिवशी बुधवार होता.
सागाची फळी बाकावर अडकवली.
पहिल्या हाताला नुसती खरखर.
दुसऱ्या हाताला पातं मागं सरलं
आणि पाचर उडून मोरीत.
तिसऱ्या हाताला फळीचा लचकाच निघाला,
कुत्र्यानं तोडावा तसा.
सुमन दारात उभी होती.
म्हणाली, घरात खोबऱ्याची किसणी आहे, देऊ?

बाबालाल मुजावर कुंडल रस्त्याला चौकटी करतात.
त्यांनी रंधा उलटा केला, डोळ्याला लावला,
तोंडातून आभाळ बघितलं.
"ह्यातनं माझी शेळी जाईल," म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही. बिडी.
राख झटकताना:
"लोखंड कापताना मापाच्या अलीकडं थांबत होता न्हवं?"
होय.
"का?"
जास्त गेलं तर परत लावता येत नाही.
"मग लाकूड काय परत उगवतंय?"

हातचं राखून काम करतो,
असं कुणाला म्हटलं की आमच्या शॉपमध्ये ती शिवी होती.
मी नाही राखलं कधी.
कंपनीत नाही, भावकीतही नाही.
वाटपाच्या दिवशी चावडीत
जे तोंडात आलं ते सगळं बोललो,
जरा, आणि जरा, आणि मग जरा.
धाकटा अकरा वर्षं या गल्लीनं येत नाही.
रंध्याचं आणि त्याचं काही नातं नाही,
पण पटाशी पुसताना आठवला, एवढंच.

पुढं ओल्या बाभळीनं आपलं खरं केलं.
दिवाळीपर्यंत तळ आत गेला,
पोटाखालून पोस्टकार्ड सरकावं इतका.
मी म्हटलं, चुलीत घालू.
बाबालालनी घातला नाही.
तळ सरळ करून घेतला, पाचर नवी बसवली,
आणि आता त्यांचा पोरगा त्यानंच
करवतीवरून आलेल्या फळ्या उतरवतो.
जाड ढलप्या सुटतात, चपातीच्या तुकड्यांएवढ्या.
खडबडीत कामाला मोठं तोंडच बरं, म्हणतात ते,
अडकत तर नाही.
मला ते कौतुक वाटलं की टोमणा, अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्यासाठी त्यांनीच लाकूड दिलं,
मोडीत निघालेल्या गुऱ्हाळाच्या चरकाची लाट.
साठ-सत्तर वर्षं उसाचा रस प्यायलेली,
पटाशी लागली की टणटण वाजते
आणि हाताला किंचित गुळाचा वास येतो,
किंवा मला तसं वाटतं.
तोंडाची रेघ आखली पेन्सिलीनं.
तिच्या आत दुसरी, एक सूत सोडून.
आतल्या रेघेवर थांबलो.
पातं अजून बाहेर येत नाही.
कानशीनं दोन हात मारले, लावून बघितलं,
काढलं, पुसलं, ठेवलं.

संध्याकाळी बाबालालनी सायकल थांबवली.
झालं का?
नाही, म्हटलं.
बरंय, म्हणाले, आणि गेले.